‘शी’ दीर्घ केल्याशिवाय आशीर्वाद न्हाई

मंडळी, आज दुपारपासून एकटीच हसून राहिलेय.

जळकोटला आमच्या गल्लीत प्रचाराची रॅली आली. हलगी वाजत होती आणि पुढं हात जोडून उमेदवार. बघते तर आमचा बालाजी! चौथीला मीच शिकवलेला.

पाया पडला, हातात पत्रक दिलं. "बाई, आशीर्वाद असू द्या."

पत्रकावर ठळक अक्षरात छापलेलं, ‘आपला आशिर्वाद असू द्या.’

मी म्हटलं, "आधी ‘शी’ दीर्घ कर, मग देते."

"बाई, सगळी पत्रकं छापून झाली हो!"

"चुकल्यावर काय करायचं, विसरलास का?"

गडी गपचूप ओट्यावर बसला आणि पत्रकाच्या मागं दहा वेळा ‘आशीर्वाद’ लिहिला. कार्यकर्ते मोठ्यानं मोजत होते. हलगीवालाबी थांबला. मी लाल पेनानं ‘बरोबर’ची खूण केली, तसा लेकरासारखा हसला. मग दिला आशीर्वाद, तोंडभरून.

आत्ताच विरोधी उमेदवाराचा फोन आला, "बाई, छापायच्या आधी आमचं पत्रक जरा बघता का?"

बघणार की! मत कुणाला, ते मात्र सांगणार न्हाई.

आणि तुम्ही नुसते हसू नका. खाली कमेंटमध्ये ‘आशीर्वाद’ लिहून दाखवा. लाल पेन अजून हातातच हाय.