टिचबटणांची काळी पट्टी

नाट्यगृहाच्या कपडेपटात ती एकवीस वर्षं शिवणकाम करत होती. सगळे तिला सुईताई म्हणत, मॅनेजरसुद्धा. मापात चूक नाही आणि बोलण्यात भीड नाही, अशी तिची ख्याती.

लढाई सुरू होऊन वर्ष होत आलं होतं. तिच्या धाकट्या बहिणीचा मुलगा आघाडीवर गेला होता आणि दोन महिन्यांपासून त्याचा ठावठिकाणा नव्हता. बहीण सुईताईकडेच राहायला आली होती. दिवसभर खिडकीशी बसून असायची. शेजारपाजारचे लोक येत, हवापाण्याच्या गप्पा मारत, पण पोराचं नाव कुणी काढत नसे.

त्या रविवारी दुपारी देशातला सगळ्यात मोठा गायक नाट्यगृहात गाणार होता. कार्यक्रम रेडिओवरून थेट जाणार होता. तो लढाईवर बोलणार, अशी कुजबुज होती. लाइटवाल्याला ते पटत नव्हतं.

"गवयानं गावं," तो म्हणाला. "लढाईतलं त्याला काय कळतं?"

"मला कळतं, पण माझं कोण ऐकतंय?" सुईताई म्हणाली. "ज्याचं लोक ऐकतात, त्यानंच मिठाची गुळणी धरून बसायचं?"

शुक्रवारी गायक कोट घालून बघायला आला. सोबत सेक्रेटरी होती, हातात वही घेतलेली.

"दंडावर काळी पट्टी हवी, शोकाची," ती म्हणाली. "पण चटकन निघायला हवी. मध्यंतरानंतर मंत्रीमंडळी येणार आहेत."

सुईताईला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तरी तिनं पट्टी कापली, मागून दोन टिचबटणं लावली. गायकानं आरशात दंड फिरवून पाहिला.

"जरा रुंद करा. शेवटच्या रांगेतून दिसायला हवी."

ती गुडघ्यावर बसून टाचण्या लावत होती, तेव्हा त्यानं सहज विचारलं, "तुमच्या घरचं कुणी आहे का तिकडे?"

तिनं भाच्याचं सांगितलं. त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "नाव काय त्याचं?" तिनं नाव सांगितलं. सेक्रेटरीनं ते लिहून घेतलं, स्पेलिंग दोनदा विचारून. चांगला माणूस आहे, असं सुईताईला तेवढ्यापुरतं वाटलंही.

रविवारी ती विंगेत उभी होती. तिसऱ्या गाण्यानंतर तो थांबला, पट्टीवर हात ठेवला आणि बोलू लागला. लढाई थांबवा, म्हणाला. मग घसा दाटून आणत म्हणाला, "काल मी एका आईला भेटलो. तिनं माझे हात धरले." आणि त्यानं भाच्याचं नाव घेतलं, आडनावासकट. सभागृहात हुंदके फुटले.

सुईताई विंगेतून सरळ कपडेपटात निघून आली. कसली आई, कुठले हात? काल तो हॉटेलात झोपा काढत होता. मध्यंतरात तो आत आला, टट टट करून पट्टी उपटली, त्याच पट्टीनं कपाळावरचा घाम आणि रंग पुसला आणि ती इस्त्रीच्या टेबलावर टाकून दिली. "छान झालं ना?" त्यानं सेक्रेटरीला विचारलं. सुईताईनं चिमट्यानं उचलून ती पट्टी कचऱ्यात टाकली. उत्तरार्धात तो पहिल्या रांगेतल्या मंत्र्यांकडे बघून वसंत ऋतूची गाणी गायला.

ती घरी पोचली तर बहीण रेडिओजवळ बसलेली. डोळे सुजलेले, पण चेहरा उजळलेला. तिला असं पाहून सुईताई सरळ चहा टाकायला गेली. तिच्यासारखी तोंडाळ बाई चार दिवस गप्प राहिली.

गुरुवारी रेडिओवर गायकाची मुलाखत लागली. मंत्र्यांची नाराजी कानावर गेली असावी. "त्या दिवशी मी भावनेच्या भरात बोललो," तो म्हणाला. "मी सुरांचा माणूस. बाकी काही माझा प्रांत नाही."

बहिणीनं रेडिओ बंद केला. तेव्हा सुईताईनं सगळं सांगून टाकलं. टिचबटणं, वही, पुसलेला रंग. "आणि नाव मीच दिलं गं त्याला. माझीच मला किळस येतेय."

बहीण टेबलावरचा डाग नखानं खरवडू लागली.

"ते मला भेटले नव्हते, हे मला कळणार नाही का?" ती म्हणाली. "पण दोन महिन्यांत त्याचं नाव दुसऱ्या कुणी घेतलं होतं? तू तरी घेतलंस?"

 सुईताईनं बहिणीजवळ खुर्ची ओढली आणि लहानपणी भाचा शिवणाच्या मशीनखाली लपायचा, ते बोलायला सुरुवात केली. दोघी जेवायच्या विसरल्या.

भाच्याची खबर पुढेही आली नाही. गायक मात्र पुढच्या हंगामात परत आला. कोटाची बाही उसवली होती. सेक्रेटरी तो घेऊन कपडेपटात आली, तर सुईताईनं हातही पुढे केला नाही.

"हे काम मी करणार नाही," ती मॅनेजरला म्हणाली. "काढून टाकायचं तर टाका."

मॅनेजरनं तिला काढलं नाही. कोट बाहेरच्या शिंप्याकडे गेला. लाइटवाल्यानं विचारलं, "मग? मी म्हणत होतो तेच खरं ना, गवयानं गावं?"

"नाही," सुईताई म्हणाली. "गवयानं बोलावंच. पण याचं तर मला आता गाणंही ऐकवत नाही."