बारा ते चारचं ऊन

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी पुष्पाबाई खाटेवरचं धोतर उलटं करत होती. धुळ्याच्या देवपुरात, मागच्या वस्तीत तिच्या पत्र्याच्या दोन खोल्या. त्यांच्यापुढच्या अंगणात चार खाटा मांडलेल्या. पहाटे धोतरावर थापलेले बिबडे, म्हणजे ज्वारीचे खानदेशी पापड, वरून वाळले होते, खालून ओले होते. कापडाच्या पाठीवर पाण्याचा हात फिरवायचा, एकेक बिबडा सोलून घ्यायचा आणि पुन्हा उन्हात टाकायचा. हे ऐन दुपारीच करावं लागतं. उशीर झाला की बिबडा कापडाला धरतो, त्याचे तुकडे होतात. तुकड्यांना गिऱ्हाईक नाही.

परवापरवापर्यंत हे काम रुपचंदशेठच्या गच्चीवर चालायचं. दहा-बारा बायका असत. गच्चीवर माठ होता, शेठ तो रोज भरून ठेवायचा आणि संध्याकाळी तो जवळपास तसाच असायचा. संडास तळमजल्यावर, शेठच्या घरच्यांचा. तिथं जायचं म्हणजे शेठाणीला उठवायचं, म्हणून बायका पाणीच पीत नसत. मागच्या वर्षी मे महिन्यात लताबाई जिन्याच्या तोंडाशी बसली ती उठलीच नाही. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा थेंब नाही. दवाखान्यात हृदय बंद पडलं असं सांगितलं. हृदय शेवटी सगळ्यांचंच बंद पडतं.

यंदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधी आरोग्य खात्याची माणसं आली. बारा ते चार उन्हात काम नको, असा कागद त्यांनी जिन्यात चिकटवला आणि बायकांना काही सांगायचंय का, म्हणून विचारलं. पुष्पाबाई एकटी बोलली. दुपारची सुट्टी हवी, म्हणाली. तिच्या मनात सून होती. सारिकाला सहावा महिना लागला होता आणि शेठ तिला कामावर पाठव म्हणून मागं लागला होता. तिचा हात जड आहे, सोलताना बिबडे फुटतात, असं खोटं सांगून पुष्पाबाईनं तिला गच्चीपासून लांब ठेवलं होतं. आखाजीला लेकी माहेरी जातात. तेवढं निमित्त साधून तिला पारोळ्याला धाडायची आणि बाळंतपणापर्यंत तिकडेच ठेवायची, हे तिनं ठरवून टाकलं होतं.

शेठनं सुट्टी लगेच कबूल केली, तेव्हाच खरं तर तिला शंका यायला हवी होती. सोमवारपासून बिबड्यांसाठी शिजवलेला घाटा टेम्पोतून बायकांच्या घरी जाऊ लागला. गच्चीला बारा वाजता कुलूप लागे, त्याचा फोटो आरोग्य खात्याला जाई.

"आता तर खूश ना, अक्का?" शेठ म्हणाला. "घरच्या घरी, मोकळेपणी."

"ऊन तेच शे भाऊ. आंगन तेवढं आमनं."

शेठला हे इतकं आवडलं की त्यानं ते चारचौघांत सांगितलं.

त्या दुपारी, एक वाजून दहा मिनिटांनी, दुसऱ्या खाटेशी पुष्पाबाईच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. ती भिंतीला टेकून खाली बसली. सारिका आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिला पाणी पाजलं, डोक्यावर ओलं फडकं ठेवलं आणि खाटेकडे वळली.

"घरमा जाय," पुष्पाबाई म्हणाली.

"बिबडा फुटी जातीन, आत्याबाई."

घरात जाऊनही फारसा फरक नव्हता. पत्र्याखाली बाहेरच्यापेक्षा जास्त उकडत होतं. सारिकानं उरलेल्या तीन खाटा एकटीनं सोलल्या. एकही बिबडा फुटला नाही.

संध्याकाळी माल न्यायला शेठ स्वतः आला, तेव्हा सारिका अजून खाटेशीच होती. एक बिबडा उचलून त्यानं उजेडासमोर धरला. सारिकाचा हात जड आहे का, असं त्यानं हसत पुष्पाबाईला विचारलं. दुसऱ्या दिवशी टेम्पोतून एकाऐवजी दोन पातेली उतरली. एक परत न्या, असं ती टेम्पोवाल्याला म्हणाली. तो म्हणाला, मग शेठ दोन्ही परत मागवेल.

आज सारिकाचा भाऊ नथ्थू पारोळ्याहून तिला न्यायला आला होता. आखाजी होऊ दे, मग येते, असं सारिकानंच त्याला सांगितलं. आखाजी झाल्यावर माहेरी कोण जातं, असं म्हणत तो तिच्या सासूकडे बघत राहिला. पुष्पाबाईनं त्याच्यापुढे चहा ठेवला आणि खाटा धुवायला घेतल्या.

उद्याचं कमाल तापमान चव्वेचाळीस सांगितलंय. पहाटे पावणेपाचला टेम्पो येईल, दारात दोन पातेली उतरवील. बारा वाजता गच्चीला कुलूप लागेल.