मोहाच्या झाडापलीकडचा नंबर

मोहफुलांचा वास आला की मला नागभीडचं सेतू केंद्र आठवतं. कॉलेजच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता, आणि ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर जाणार होता. तो मोबाइल आमचा नव्हता. लहानपणी माझं आधार काढलं तेव्हा घरात फोन नव्हता, म्हणून बाबांनी शेजारच्या काकांचा नंबर दिला होता. पुढे दोन्ही शेतांमधल्या धुऱ्यावरच्या मोहाच्या झाडावरून दोघांचं बोलणंच बंद झालं. केंद्रातल्या ताई म्हणाल्या, "लवकर विचार, दहाच मिनिटं चालते." नंबर मला पाठ होता. मी ताईंच्या फोनवरून लावला. "काका, मी बाजूची बोलून राह्यली. तुमच्या मोबाइलवर आकडे आले असन, सांगा ना." काकांनी विचारलं, "तुह्या बापानं फोन लावाले सांगतलं काय?" खोटं बोलावंसं वाटलं, पण तोंडून निघालं, "नाई." पडद्यावरचे सेकंद पळत होते. "थांब, चष्मा आणतो," म्हणाले, आणि त्यांनी एकेक आकडा दोनदा वाचून दाखवला. पुढची तीन वर्षं दर अर्जाला असंच. आता माझा स्वतःचा फोन आहे. आधारवरचा तो नंबर मी केव्हाच बदलला, असं बाबांना वाटतं. मी बदललेला नाही.