एका बोटाला सात पेरं

आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत अफवा नळाच्या पाण्याआधी पोचायची. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांचे दिवस होते. शेजारच्या मावशीचा एकुलता एक मुलगा मोर्च्याला गेला, तो आठवडा झाला तरी परतला नव्हता. इस्पितळं पालथी घातली, चौक्या झाल्या, पत्ता नाही. त्यात कुणीतरी गॅलरीतून ओरडलं, दादरच्या चौपाटीवर माणसाचा हात लागलाय! सांगणाऱ्याची जीभ हासडावीशी वाटली मला. मावशी तिथंच उभी होती.

ती माझ्याकडे वळली. "तू कॉलेजात मेलेली जनावरां कापतस मा? मगे चल माझ्यावांगडा. माझ्या झिलाचो हात आसा काय, बघून सांग."

मी कापले होते ते बेडूक. पण हे सांगायचा धीर झाला नाही.

चौपाटीवर गोणपाटावर तो हात ठेवला होता आणि भोवती बघ्यांची ही गर्दी. हवालदार नाकाला रुमाल लावून लांब उभा. मावशीनं पाठ फिरवली. मी उकिडवी बसले. दंडाचं हाड, मनगट, पाच बोटं. मांस बहुतेक गळून गेलेलं. हातच होता. मग काहीतरी खटकलं. दंड अगदीच आखूड, कोपराला वाकायला जागा नाही, आणि एक बोट तर संपता संपेना.

"मावशी, हा गाद्याचा पर आहे. समुद्रात उसळ्या मारतो ना, त्या गाद्याचा. आमच्या पुस्तकात त्याला डॉल्फिन म्हणतात."

"माका बरा वाटूचा म्हणान सांगतस."

मी चिडले. "मग तूच मोज!"

मावशी सगळे हिशेब बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवून करायची. ती माझ्याशेजारी बसली. आधी स्वतःचं बोट बघितलं: तीन पेरं. मग अंगठा हवेत धरून त्या लांब बोटावरून एकेक हाड पुढे सरकली आणि थांबली.

"येका बोटाक सात पेरां?" ती म्हणाली. "असला बोट खंयच्या आवशीन घडवल्यान?" कुठल्या आईनं, असं विचारलं आणि हसली. त्या आठवड्यात पहिल्यांदाच.

परतताना तिनं बाजारात घासाघीस करून बांगडे घेतले, दोघांपुरते. मला राहवलं नाही. "मावशी, अजून त्याचा पत्ता लागलेला नाही गं."

"ठावक आसा. पण आज त्याका मेलो म्हणूचो हक्क कोणाक नाय."

त्यानंतर ती रोज दोघांचं रांधायची, आणि वाट बघून बघून त्याचं ताट मला वाढायची. मी मनापासून जेवायचे. नाही म्हटलं असतं तर तिला कसं वाटलं असतं? महिन्याभरानं तो भलत्याच गावच्या तुरुंगातून सुटून आला, दाढी वाढलेली, भुकेला. मी नेहमीप्रमाणे जेवायला गेले, तर माझ्या जागेवर तो बसला होता. माझं जेवण गेल्याचा इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.