डब्याचा पार्क की लाटांचा पार्क

नवतपा, उन्हाळ्याचे ते नऊ कडक दिवस, लागला अन् आमच्या बालाघाटच्या घरात भांडण पेटलं. कूलर गरम हवा फेकून राह्यलता, पोरांच्या सुट्ट्या सरत चालल्या होत्या, अन् वॉटर पार्कले जायचं एवढं एकच पक्कं होतं. कोणत्या पार्कले, यावर घरात दोन पार्ट्या.

एक पार्क राजेगावच्या पुढं, गोंदियाच्या बाजूनं. जवळ आहे, आंब्याची झाडं आहेत, घरचा डबा नेऊ देतात. माझ्या नवऱ्याचं मत त्याले. दुसरा नागपूरच्या रस्त्यावर. दूर आहे, डबा गेटवरच ठेवून घेतात, साडी चालत नाही, त्यांचेच नायलॉनचे कपडे घालावे लागतात. पण तिथं लाटा येतात लाटा! पोरगा-पोरगी दोघंही त्याच्यासाठी हट्ट धरून बसले होते.

"डबा नाही नेता येत म्हणजे काय?" नवरा म्हणे. "पुऱ्या, आलूची भाजी, कैरीचा तक्कू. याच्याशिवाय कुठं जाणं असते का?"

मी तिथंच भडकली. कारण त्या जवळच्या पार्कात आम्ही आधी जाऊन आलो होतो, अन् तिथं काय होते ते मले माहीत होतं. झाडावर वांदरं. डब्यावर टपून बसलेली. मग डबा राखाले कोणीतरी पाहिजे, अन् ते कोणीतरी म्हणजे दर वेळी माझी सासू. आम्ही पाण्यात धिंगाणा घालाचो अन् आई आंब्याखाली काडी घेऊन बसाच्या. विचारलं की म्हणाच्या, "मले काय करायचं पाण्यात? तुमी जा. मी सामान पाहते."

अन् ही बाई कोण? जिची सारी उमर रामपायलीजवळच्या धानाच्या बांधीत, पाण्यात उभी राहून रोवणा करण्यात, वाकून मागं सरत धानाची रोपं लावण्यात गेली. गुडघे धरले म्हणून आम्ही त्यांना इकडं शहरात आणलं. तेव्हापासून त्यांचे पाय पाण्यात गेले नव्हते. पहिला पाऊस पडला की त्या खिडकीशी बसून रस्त्यावरच्या डबक्याकडे पाहत राहतात. मले ते पाहवत नाही. म्हणून या वेळी आईले पाण्यात उतरवायचंच, असं मी मनात पक्कं केलं होतं.

"जिथं डबा नाही, तिथं राखणदार नाही," मी म्हटलं. "आपण लाटांच्या पार्कले जाऊ."

"अन् आई? ते नायलॉनचे पँट-टॉप आई घालीन का?"

"तुमी विचारलं का त्यांना?"

पोरीनं तेवढ्यात आजीच्या हातात मोबाइल दिला. लाटांचा व्हिडिओ. आईंनी एकदा पाहिला, मग परत पाहिला.

"हे पाणी कुठवर येते वं?"

"अपनी मर्जी, आजी! घुटने तक भी, गले तक भी!"

"मंग जमते," आई म्हणाल्या, अन् माझ्या नवऱ्याकडे वळल्या. "तुह्या बापाचा शर्ट चढवून, लुगडं वर खोचून रोवणा केला मी. सारं गाव पाहे. तवा नाही लाजली, आता काहून लाजू?"

झालं! पोरांनी पलंगावर उड्या मारल्या. मी पण मारली असती, पलंग जुना आहे म्हणून थांबली.

नागपूरच्या वाटेवर वारासिवनी सोडल्यावर दोन्ही बाजूंनी कोरडी शेतं लागली, अन् आईंची जीभ मोकळी झाली. रोवण्याच्या शेवटच्या दिवशी बाया कशा चिखल खेळत, ते त्या पोरांना सांगत होत्या. मालक धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभा असला तर त्यालेही ओढत बांधीत. "तुमचा आजा पांढरं धोतर नेसून ऐटीत उभा राहे. कोरडा नाही येऊ देला आम्ही त्याले कधी घरी."

पार्कात आई कपडे बदलून बाहेर आल्या. काळी पँट, गुडघ्यापर्यंत टॉप, अन् डोक्याले माझी ओढणी घट्ट गुंडाळलेली, रोवण्यात बांधतात तशी. नवऱ्यानं लाजून तोंड फिरवलं. "मी सामानाजवळ थांबतो," म्हणाला, अन् चपला-पिशव्या घेऊन काठावरच्या खुर्चीत बसला.

लाटांच्या पाण्यात सारी दुनिया समोर तोंड करून जात होती. आमच्या आई वाकल्या, पाठ फिरवली, अन् एक एक पाऊल मागं टाकत उलट्या चालल्या.

"आजी, उल्टी क्यों चल रही हो?"

"अबे, रोवणा उलटाच चालते."

तेवढ्यात लाट सुटायचा भोंगा वाजला. मी ओरडली, "आई, मागं पाहा!" पण रोवणाऱ्या बाईवर मागून कधी लाट आली आहे का? धाडकन आली अन् आई गडप. आता नवरा मले काय काय बोलेल, ते डोक्यात येऊन गेलं. मी हात घातला, तर वर आल्या त्या खदाखदा हसतच. ओढणी गळ्यात, केस तोंडावर. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलंच नव्हतं. मले रडू आलं. पाण्यात कोणाले दिसते?

मग त्यांनी केस मागं सारले अन् काठाकडे पाहिलं. खुर्चीत त्यांचा पोरगा, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून.

"सूनबाई," त्या हळूच म्हणाल्या, "धुऱ्यावर मालक उभा हाय ना वं."

काठावर येऊन त्यांनी त्याचा एक हात धरला, मी दुसरा. पोरांनी मागून ढकललं. "अवो आई, मोबाइल! मोबाइल तरी ठेवू दे!" मोबाइल तेवढा पोरीनं वाचवून खुर्चीवर ठेवला. बाकी पुरा माणूस आत.

पुढची लाट आली तेव्हा आम्ही पाचही जण एकमेकांचे हात धरून उभे होतो. सामानाजवळ कोणीच नव्हतं.