खट्ट, डाव्या पुढच्या चाकापाशी

सांगतो, पण आधी हातातला चहा संपवा. मागे हा किस्सा सांगितला तेव्हा आमच्या साडूंच्या नाकातून चहा आला होता, आणि मेहुणी अजून मलाच दोष देते.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. मी अमरावतीला हायस्कुलात विज्ञान शिकवायचो. राजापेठेत बिऱ्हाड आणि दारात माझी जीप. लढाईनंतर फौजेने मोडीत काढलेली, स्टिअरिंग डाव्या हाताला, वय साधारण माझ्या विद्यार्थ्यांएवढं. छप्पर कापडाचं, तळ उघड्या पत्र्याचा. पण जीव होता माझा तिच्यावर.

तेव्हा आमची सुशीला पहिलटकरीण. सातवा सरला की तिला अकोल्याला माहेरी पोचवायचं होतं, आणि मी सासऱ्यांना पत्र टाकून बसलो होतो की जीपने घेऊन येतो म्हणून. सुशीलालाही आगगाडीच्या गर्दीपेक्षा जीपच हवी होती. आईची अट एकच. गाडीने आवाज करायचा नाही.

आणि नेमका त्याच महिन्यात आवाज सुरू झाला. चांदूर बाजारहून परतत होतो. खड्डा आला, खट्ट. पुढचा खड्डा, पुन्हा खट्ट. रस्ता असा होता की घरी पोचेपर्यंत मी मोजायचं सोडून दिलं. या रस्त्यानेच काहीतरी मोडलं, असा निकाल मी लावून टाकला.

आईने ओट्यावरूनच ऐकलं.

"हे काय वाजून रायलं रे?"

"सस्पेन्शन असेल, आई."

"ते काय असते?"

"गाडीचे गुडघे समज."

"मंग गुडघे दुखत असन तं घरी बसव तिले. माही सून नाही बसनार त्यात."

जीप गफूरभाईंच्या गॅरेजात नेली. त्यांनी एक चक्कर मारली आणि हसत उतरले. "मास्तरसाब, काहीच नाही वाजत. गाडी तं मक्खन हाये."

मी चालवली. खट्ट. ते चालवायला बसले. शांत. मी बसलो. खट्ट. आता सांगा, विज्ञानाच्या मास्तराने काय समजायचं? मी तिथेच सिद्धांत मांडला. गफूरभाई काटक, मी अंगाने भरलेला. माझ्या वजनाने डावी बाजू दबते, म्हणून स्प्रिंगचे पाटे आपटतात. मातीत काडीने आकृती काढली, बाण काढले, वजनाची दिशा दाखवली. गफूरभाईंनी आदराने आकृतीवर पाय न देता पलीकडून जाऊन बघितलं.

मग ते पुढच्या मडगार्डवर बसले आणि मला चालवायला लावली. "बराबर हाये, मास्तरसाब. डाव्या अंगाले, पुढच्या चाकापाशीच वाजून रायलं." झालं, मला वाटलं आता मला दुसरं काही शोधायलाच नको.

डावे पाटे बदलले. खट्ट. बुश बदलले. खट्ट. नटबोल्ट आवळून झाले, ग्रीस भरून झालं. दर वेळी गफूरभाई फेरी मारून यायचे तेव्हा जीप मुकी, आणि मी घेऊन निघालो की राजापेठेतल्या पहिल्याच खड्ड्यात तिला वाचा फुटायची. पंधरा दिवस हे चाललं. शेवटी माझं डोकं फिरलं आणि चारचौघांत त्यांना बोललो, "गफूरभाई, तुम्ही आधी कान तपासून घ्या." ते फडक्याने हात पुसत राहिले. आजही ते आठवलं की लाज वाटते.

निघायच्या आदल्या दिवशी आई स्वतः परीक्षा घ्यायला बसली. ती माझ्या शेजारी, सुशीला मागे. गल्लीच्या कोपऱ्यावर खट्ट.

"थांबव," आई म्हणाली. "सुशीला, उद्या बडनेऱ्याहून आगगाडीनंच जाय, माय."

सुशीलाचं तोंड एवढंसं झालं. जरा वेळाने तिने मला विचारलं, "आवाज कधीपासून हाये म्हनता?"

"चांदूर बाजारहून आलो त्या दिवसापासून."

"तिकून तुमी आनलं काय होतं?"

"काही नाही. या वहाणा तेवढ्या करून घेतल्या."

बोलता बोलता माझीच नजर खाली गेली. कोऱ्या करकरीत वहाणा. टाच झिजू नये म्हणून मी हट्टाने चांगली जाडजूड लोखंडी नाल ठोकून घेतली होती.

"काढा बरं त्या," सुशीला म्हणाली.

अनवाणी पायाने त्याच खड्ड्यातून जीप तीनदा नेली. हूं की चूं नाही. खड्डा आला की माझी टाच उचलली जायची आणि नाल पत्र्यावर आदळायची, एवढंच होतं ते. गफूरभाई रबरी चपला घालायचे.

मी तर हरखलोच. "बघ आई, जीप ठणठणीत आहे. उद्या मी घेऊन जातो हिला."

"जीपनंच जाऊ दे," आई म्हणाली. "जीपले काहीच झालं नाही. पन ज्याले पंधरा दिवस सोताचा पाय वाजते हे समजलं नाही, त्याच्या हाती मी दोन जीव नाही देनार. गफूरले बलाव."

गेलो. माफी मागितली, सगळं सांगितलं. गफूरभाई बाकावर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. "येतो की मास्तरसाब," म्हणाले, "सुनबाईले नाही कायले म्हनू?"

दुसऱ्या दिवशी मी मागे सामानावर, लोणच्याची बरणी मांडीत धरून. मूर्तिजापूर यायच्या आधीच सुशीलाला गाढ झोप लागली, ती थेट अकोल्यात माहेरच्या दारात जागी झाली.

त्याला आता कितीतरी वर्षं झाली. रस्ते डांबरी झाले, मीही दोन गाड्या बदलल्या. पण चाक माझ्या हातात असलं की बाईसाहेबांचा डोळा अजून एकदाही लागलेला नाही.