पहिली रांग

सौंसरच्या वाचनालयात दर रविवारी व्याख्यान असतं. कधी ग्रहणावर, कधी मधुमेहावर. त्या दिवशी इराणच्या चालीरीतींवर होतं. सभागृह भरलं होतं, फक्त पहिली रांग नेहमीसारखी रिकामी. संयोजक पुढे या म्हणून विनवत होते आणि प्रत्येक जण शेजाऱ्याला म्हणत होता, "तुम्ही बसा ना भाऊ, मी इथंच बरा आहो." या प्रकाराचा मला मनस्वी वैताग येतो.

पाहुण्या बाईंनी सांगितलं, की इराणात दोन माणसं दाराशी एकत्र आली की "आधी तुम्ही" म्हणत दोघंही बाहेरच खोळंबतात. सगळे खळखळून हसले.

"अजबच लोक आहेत बाप्पा!" माझ्या बाजूचे मास्तर म्हणाले. मीही मान डोलावली. आम्ही दोघं तासाभरापासून मागच्या भिंतीला टेकून उभे होतो.